बिनतारी माउस आणि कीबोर्ड: अधूनमधून येणारा बिघाड कसा शोधावा

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात:
• बिनतारी माउस किंवा कीबोर्डच्या बिघाडाचे लक्षण अचूक शब्दांत नोंदवणे.
• बोटापासून पडद्यापर्यंतच्या साखळीतील कोणता दुवा कमकुवत आहे ते एकेक बदल करून ओळखणे.
• 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील रेडिओ दुव्याचा साधा हिशेब मांडणे.
• अधूनमधून येणारा बिघाड खरोखर गेला की नाही, हे किती तपासणीनंतर म्हणता येईल ते काढणे.

पूर्वतयारी म्हणून डेसिबल आणि संभाव्यता यांची बारावीपर्यंतची ओळख पुरेशी आहे. विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असला तरी चालेल.

1. एक प्रसंग

माझी एक विद्यार्थिनी दक्षिण दिल्लीत मुनिरका गावात चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहते. घर लातूरकडे, शिक्षण इथे. नोकरीसाठीची ऑनलाइन प्रोग्रॅमिंग चाचणी ती खोलीतूनच देत होती. चाचणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांतच तिचा बिनतारी कीबोर्ड बिघडू लागला. काही अक्षरे उमटेनात, तर काही सातआठ वेळा उमटू लागली. कंस उघडला तर तीन कंस दिसत, अर्धविराम टाकला तर तो गायब. प्रोग्रॅम तिला येत होता, पण वेळ गेला तो चुका पुसण्यात. ती चाचणी हातची गेली.

दुसऱ्या दिवशी तिने नवा कीबोर्ड-माउसचा जोड आणला. तासाभराने तेच सुरू झाले. पुढची चाचणी आठ दिवसांवर होती. ती मला म्हणाली, "सर, दोन्ही कीबोर्ड खराब कसे निघतील?"

प्रश्न योग्य होता, आणि उत्तराचा अर्धा भाग त्यातच होता. दोन वेगवेगळ्या वस्तूंत सारखाच बिघाड दिसत असेल, तर तो बहुधा त्या वस्तूंत नसतो. दोन्ही वेळी जे बदलले नव्हते, त्यात तो असतो. खोली, टेबल, लॅपटॉप, पोर्ट आणि लॅपटॉपला जोडलेली इतर उपकरणे यांपैकी काहीच बदलले नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा पाठ त्याचाच विस्तार आहे.

2. बोटापासून पडद्यापर्यंतची साखळी

कीबोर्डवरचे बटण दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत संदेश पाच टप्प्यांतून जातो.

पहिला टप्पा संवेदनाचा. कीबोर्डमध्ये बटणांखाली आडव्या-उभ्या वाहिन्यांचे जाळे असते. दाबलेल्या बटणामुळे कोणती आडवी आणि कोणती उभी वाहिनी जोडली गेली, ते आतली चिप सतत तपासते. माउसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांची तुलना करून माउस किती सरकला ते ठरवतो.

दुसरा टप्पा विजेचा, म्हणजे एक किंवा दोन सेल.

तिसरा टप्पा रेडिओचा. माहितीचे छोटे पुडके हवेतून जाते. ते मिळाल्यावर समोरचा डोंगल पोच देतो. पोच आली नाही तर कीबोर्ड तेच पुडके पुन्हा पाठवतो. अनेकदा प्रयत्न करूनही पोच आली नाही, तर पुडके हरवते.

चौथा टप्पा डोंगल आणि यूएसबी पोर्टचा.

पाचवा टप्पा संगणकाचा: ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि समोर चालू असलेला प्रोग्रॅम.

आता एक प्रश्न. पुडके हरवले तर अक्षर गायब होईल हे समजते, पण तेच अक्षर सातआठ वेळा का उमटते? कारण कीबोर्ड दोन बातम्या पाठवतो. पहिली "बटण दाबले" आणि दुसरी "बटण सोडले". पहिली पोचली आणि दुसरी वाटेत अडकली, तर संगणकाच्या लेखी तुमचे बोट अजून बटणावरच आहे. अर्धाएक सेकंद वाट पाहून तो अक्षराची पुनरावृत्ती सुरू करतो. म्हणजे अक्षर गळणे आणि अक्षरांची माळ लागणे ही दोन्ही लक्षणे एकाच कारणाची असू शकतात.

3. आधी लक्षण नीट लिहा

"माउस नीट चालत नाही" ही तक्रार झाली, निरीक्षण नव्हे. कधी, कुठे, कशावर आणि किती वेळाने, हे लिहा. नुसत्या नोंदीवरूनही बरेच कळते.

• नेहमी एकच बटण दोनदा उमटते: त्या बटणाखालचा संपर्क झिजला आहे किंवा त्यात धूळ गेली आहे. रेडिओ एकाच अक्षराशी वैर धरत नाही.
• कोणतेही बटण गळते किंवा माळ लावते: रेडिओ किंवा सेल.
• माउसचे एक क्लिक दोन होतात, पण कर्सर गुळगुळीत चालतो: आतला छोटा स्विच झिजला आहे.
• एका टेबलावर कर्सर उडतो, वहीवर नीट चालतो: पृष्ठभाग किंवा भिंगावरचा केस.
• थोडा वेळ हात न लावल्यावर पहिली हालचाल उशिरा होते, मग ठीक: वीज वाचवण्यासाठी माउस किंवा पोर्ट झोपी जाते.
• कर्सर थबकतो त्याच क्षणी व्हिडिओ आणि आवाजही थबकतो: संगणकावर भार आहे, माउसचा दोष नाही.
• माउस आणि कीबोर्ड दोन्ही एकाच वेळी अडतात, व्हिडिओ मात्र चालू राहतो: दोघांत सामाईक काय ते पाहा, म्हणजे डोंगल, पोर्ट आणि हवा.

माझ्या विद्यार्थिनीची नोंद शेवटच्या ओळीत बसत होती. माउसही अडत होता, पण चाचणीच्या गडबडीत तिचे लक्ष फक्त कीबोर्डकडे गेले होते.

4. सोपे आणि फुकटचे आधी

दुरुस्तीत एक साधा नियम आहे: ज्या तपासणीला पैसा लागत नाही आणि वेळ कमी लागतो, ती आधी करा.

अ) संगणक दोषी आहे का? लॅपटॉपच्या टचपॅडवर कर्सर फिरवा, किंवा कोणाचा तरी तारेचा माउस अर्धा तास मागून घ्या. त्यावरही कर्सर अडखळत असेल तर पहिले चारही टप्पे सुटले. मग पाचव्या टप्प्याकडे, म्हणजे भार, ड्रायव्हर आणि अपडेट यांकडे वळा.

आ) सेल. मल्टिमीटरने सेलचा दाब मोजून "दीड व्होल्ट आहे, म्हणजे चांगला आहे" असे म्हणू नका. सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. नुसता मोजला तर दाब ठीक दिसतो, पण रेडिओ पुडके पाठवताना क्षणभर जास्त प्रवाह खेचतो आणि त्या क्षणी दाब कोसळतो. बिघाड अधूनमधून येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. म्हणून मोजत बसण्यापेक्षा नवा सेल घालून पाहा. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा दाब मुळात 1.2 व्होल्ट असतो, त्यामुळे काही उपकरणे तो पूर्ण भरलेला असतानाही "सेल कमी" असे दाखवतात. सेलच्या खोबणीत पांढरी भुकटी दिसली तर सेल गळला आहे. तो द्राव अल्कधर्मी असतो. कापसाला किंचित व्हिनेगर लावून पत्र्या पुसा आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच नवा सेल घाला.

इ) पृष्ठभाग आणि भिंग. माउसच्या कॅमेऱ्याला पृष्ठभागावरचे बारीक पोत लागते. काच किंवा चकचकीत सनमायका यांवर त्याला तुलना करायला काही मिळत नाही. माउसखाली साधा कागद ठेवून पाहा. भिंगावर एखादा केस असला तर कर्सर आपोआप थरथरतो.

ई) झोपणारे पोर्ट. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डोंगलच्या किंवा यूएसबी हबच्या नोंदीत पॉवर मॅनेजमेंट या पानावर जा आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. "पहिली हालचाल उशिरा" या लक्षणावर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

उ) डोंगलची अदलाबदल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एकाच कंपनीचे वीस-तीस जोड असतात. प्रत्येक डोंगल आपापल्या कीबोर्ड-माउसच्या पत्त्याशी बांधलेला असतो. डोंगल बदलले गेले, की एका टेबलावर टंकले तर दुसऱ्या टेबलावर उमटते किंवा कुठेच उमटत नाही. कीबोर्ड, माउस आणि डोंगल या तिघांवर एकच क्रमांक चिकटवा. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी होणारी धावपळ एवढ्याने वाचते.

5. हवेतला हिशेब

वरच्या पाचही तपासण्या आम्ही केल्या. बिघाड तसाच राहिला. आता तिसरा टप्पा, रेडिओ.

डोंगलवर चालणारे बहुतेक जोड 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतात. त्या लहरींची तरंगलांबी प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. साधारण अर्ध्या वितीपेक्षा थोडी जास्त. एवढ्या लहरीला हात, लॅपटॉपचे धातूचे अंग किंवा लोखंडी टेबल सहज अडथळा करू शकते.

कीबोर्डचा ट्रान्समीटर साधारण 1 मिलिवॅट शक्तीने बोलतो. यालाच 0 डीबीएम म्हणतात. मोकळ्या जागेत 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरीची पहिल्या 1 मीटरमध्ये होणारी घट 40 डेसिबल येते. पुढे अंतर दुप्पट झाले की आणखी 6 डेसिबल आणि दहापट झाले की 20 डेसिबल. म्हणजे 1 मीटरवर उणे 40 डीबीएम एवढा संकेत पोचायला हवा. हात, टेबल, लॅपटॉपचे अंग आणि डोंगलमधला नखाएवढा अँटेना यांच्यासाठी 20 डेसिबल सोडा. उरले उणे 60.

अशा जोडांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित चिपच्या माहितीपत्रकात 2 मेगाबिट वेगासाठी ग्रहणक्षमता उणे 82 डीबीएम दिली आहे. म्हणजे आपल्याकडे 22 डेसिबल शिल्लक आहेत. ही शिल्लक चांगली आहे. एवढी असताना कीबोर्ड अडायचे कारण नाही.

पण ग्रहणक्षमतेचा आकडा शांत परिस्थितीतला असतो. डोंगलजवळ नॉइज, म्हणजे नको असलेला गोंगाट वाढला, तर शिल्लक तेवढीच कमी होते. शांत खोलीत कुजबुज ऐकू येते, लग्नाच्या मांडवात बँड सुरू असताना येत नाही. बोलणारा तोच, अंतर तेच.

6. शेजारचे पोर्ट

तिच्या लॅपटॉपच्या डाव्या बाजूला दोन यूएसबी पोर्ट अगदी लगटून होती. एकात डोंगल होता. दुसऱ्यात व्याख्यानांचे व्हिडिओ ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क होती. दोन्ही कीबोर्ड वापरताना ती तिथेच होती.

यूएसबी 3.0 ची जोडणी सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने संकेत पाठवते. एक आणि शून्य आलटून-पालटून गेले तर त्या संकेताची मूळ वारंवारता 2.5 गिगाहर्ट्‌झ होते. शिवाय माहिती मुद्दाम विस्कटून पाठवली जाते, त्यामुळे तिची ऊर्जा एका रेषेत न राहता शून्यापासून 5 गिगाहर्ट्‌झपर्यंत पसरते. आपला 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा बरोबर तिच्या मध्यावर येतो. तार आणि जोडणीच्या खोबणीतून यातला थोडा अंश बाहेर झिरपतो. इंटेल कंपनीने एप्रिल 2012 मध्ये या विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले. त्यातील मोजमापांनुसार 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातला गोंगाट अशा उपकरणामुळे सुमारे 20 डेसिबलपर्यंत वाढू शकतो. आधीच्या यूएसबी 2.0 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट आहे आणि त्याची ऊर्जा मुख्यतः 480 मेगाहर्ट्‌झच्या खाली राहते, म्हणून तिथे हा त्रास सहसा होत नाही.

आता मागच्या हिशेबात हा आकडा घाला. शिल्लक 22 डेसिबल, त्यातून 20 गेले, उरले 2. कीबोर्ड अजून चालतोच आहे, पण काठावर. हात थोडा आडवा आला, लॅपटॉप इंचभर फिरला, की शिल्लक संपते आणि पुडकी हरवू लागतात. हात बाजूला झाला की सगळे सुरळीत. बिघाड "लहरी" का वाटतो याचे उत्तर इथे आहे. तो लहरी नसतो. दुवा काठावर उभा असतो आणि लहानसहान बदल त्याला काठाच्या अलीकडे-पलीकडे ढकलतात.

हीच गोष्ट अंतराच्या भाषेतही सांगता येते. 20 डेसिबल म्हणजे मोकळ्या जागेत अंतराचा दहावा भाग. खोक्यावर 10 मीटरचा पल्ला छापलेला असेल, तर तो 1 मीटर होतो. कीबोर्ड नेमका तेवढ्याच अंतरावर असतो.

डिस्कवर काही कॉपी होत नसेल तर त्रास व्हायला नको, असे तुम्हाला वाटेल. पण जोडणी जागी असेल तर पाठवायला माहिती नसतानाही तारेतून भरणीचे संकेत जात राहतात. म्हणून "मी तर डिस्क उघडलीही नव्हती" हे कारण पुरेसे नाही.

उपाय स्वस्त आहे. डोंगल थेट लॅपटॉपला न लावता मीटरभर लांबीच्या साध्या यूएसबी 2.0 एक्स्टेन्शन तारेने कीबोर्डजवळ आणून ठेवा. यात दोन फायदे होतात. डोंगल गोंगाटापासून दूर जातो आणि कीबोर्डच्या जवळ येतो. अंतर 1 मीटरवरून 25 सेंटिमीटर झाले की संकेतच 12 डेसिबलने वाढतो. तार नसेल तर निदान डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा आणि डिस्कची तार त्यापासून लांब ठेवा.

7. गल्लीतली गर्दी

हार्ड डिस्क हे मोठे कारण होते, पण मुनिरक्यात आणखी एक आहे.

एम.टेक.च्या काळात मीही याच गावात राहत होतो. तेव्हा मुनिरक्याला मेट्रो नव्हती. ती 2018 मध्ये आली. माउसही तारेचा आणि पोटात रबरी गोळी असलेला होता. तो अडला की गोळी काढून पुसायची, आतल्या रुळांवरची काजळी नखाने खरवडायची, की झाले काम. बिघाड डोळ्यांना दिसत असे. त्याच सुमारास, जानेवारी 2005 मध्ये, भारत सरकारने 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्‌झचा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त केला. आज तुमचे वायफाय, ब्लूटूथ आणि बिनतारी माउस परवान्याशिवाय चालतात ते यामुळे.

पण जे सगळ्यांसाठी मोकळे असते तिथे गर्दी होते. मुनिरका हे लाल डोऱ्यातले जुने गाव आहे. जेएनयू आणि आयआयटी जवळ असल्याने चार-पाच मजली इमारतींत खोल्या करून विद्यार्थ्यांना दिलेल्या आहेत. गल्ल्या इतक्या अरुंद, की काही ठिकाणी समोरच्या गच्चीतल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. बहुतेक प्रत्येक मजल्यावर राउटर. तिच्या खोलीत फोनवर वायफायची यादी उघडली तर ती खाली सरकवत न्यावी लागत होती. पुण्यातल्या सदाशिव पेठेत किंवा मुंबईतल्या चाळीत तुम्हाला हेच दिसेल.

या पट्ट्यात वायफायचे एकमेकांवर न चढणारे तीनच मुख्य चॅनेल बसतात: 1, 6 आणि 11. त्यांचे मध्य 2412, 2437 आणि 2462 मेगाहर्ट्‌झवर आहेत आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे 20 मेगाहर्ट्‌झ. घरातला राउटर साधारण 100 मिलिवॅटने बोलतो, म्हणजे तुमच्या कीबोर्डच्या शंभरपट. तरीही कीबोर्ड सहसा चालतो, कारण त्याची पुडकी लहान असतात, राउटर सतत बोलत नसतो, आणि पुष्कळ जोड अडचण आली की दुसऱ्या वारंवारतेवर सरकतात. शेजाऱ्याचा राउटर भिंतीपलीकडे असल्याने आणखी क्षीण होतो. त्रास होतो तो तुमचा स्वतःचा राउटर डोंगलच्या हातभर अंतरावर असेल आणि त्यावर मोठे डाउनलोड सुरू असेल तेव्हा.

इथे तीन गोष्टी करता येतात. राउटर टेबलावरून उचलून दूर, उंचावर ठेवा. लॅपटॉप आणि राउटर दोन्हींत सोय असेल तर लॅपटॉप 5 गिगाहर्ट्‌झच्या वायफायला जोडा, म्हणजे 2.4 चा पट्टा कीबोर्डसाठी मोकळा राहील. चाचणीच्या वेळी फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला चिकटवून ठेवू नका.

खोलीत मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर तोही लक्षात घ्या. तो 2.45 गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो. कर्सर फक्त दूध गरम करतानाच अडखळत असेल, तर निदान झालेच.

8. ब्लूटूथचा माउस असेल तर

ब्लूटूथच्या माउसला डोंगल नसतो. लॅपटॉपच्या आतलीच चिप वापरली जाते. ब्लूटूथ पट्टाभर उड्या मारत बोलते आणि गर्दीचे भाग टाळते, म्हणून ते बरेच चिवट असते. पण बहुसंख्य लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात आणि पुष्कळदा अँटेनाही वाटून घेतात. 2.4 च्या वायफायवर जोराचे डाउनलोड सुरू झाले की माउसला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. अशा वेळी डाउनलोड थांबवून पाहा. कर्सर लगेच सुधारला तर वायफाय 5 गिगाहर्ट्‌झवर न्या. फरक पडला नाही तर जोडणी पुसून नव्याने करा आणि ड्रायव्हर अद्ययावत करा.

9. "आता ठीक आहे" असे केव्हा म्हणावे?

अधूनमधून येणाऱ्या बिघाडात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एक बदल केला, दोन ओळी टंकल्या, चूक आली नाही, "झाले दुरुस्त!" मग परीक्षेत बिघाड परत येतो.

समजा सरासरी 100 बटणांमागे एक चूक होते. काहीही दुरुस्त न करता 50 बटणे दाबली, तर एकही चूक न येण्याची संभाव्यता 0.99 चा 50 वा घात, म्हणजे सुमारे 0.6. दहापैकी सहा वेळा तुमची फसगत होईल. 300 बटणे दाबली तर हीच संभाव्यता सुमारे 0.05 वर येते. म्हणून एक सोपा अंदाज ठेवा: चूक जितक्या बटणांमागे एकदा येते, त्याच्या निदान तिप्पट बटणे दाबा.

त्यासाठी एक साधी चाचणी सांगतो. कोऱ्या फाइलमध्ये 1 ते 9 आणि शेवटी 0 असे दहा अंक एका ओळीत टंका. अशा तीस ओळी करा, म्हणजे 300 बटणे. गळलेला किंवा वाढलेला अंक ओळीच्या लांबीवरूनच डोळ्यात भरतो. वहीत तीन रकाने आखा: काय बदलले, किती चुका, वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. सेल, पोर्ट आणि राउटर तिन्ही एकदम बदलले आणि बिघाड गेला, तर कशामुळे गेला ते कळत नाही. तो परत आला की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

आणखी एक पायरी बहुतेक जण गाळतात. बदल केल्यावर बिघाड गेला, की तो बदल उलटा करून पाहा. बिघाड परत आला तरच कारण सापडले.

10. प्रसंगाचा शेवट

तिने याच पद्धतीने वही भरली. जशी होती तशी मांडणी: बऱ्याच ओळी मोडल्या. नवे सेल: तसेच. हार्ड डिस्क काढली: तीसही ओळी सरळ. डिस्क पुन्हा लावली: ओळी पुन्हा मोडल्या. डिस्क तशीच ठेवून डोंगल एक्स्टेन्शन तारेवर कीबोर्डजवळ आणला: ओळी सरळ. ती तार नेहरू प्लेसच्या बाजारातून आणली होती, दीडशे रुपयांच्या आत. जुना कीबोर्डही तपासला. तो पूर्ण चांगला होता. नव्या जोडाचे पैसे वाया गेले होते.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मी तिला आणखी एक सल्ला दिला: डिस्क काढून ठेव आणि शेजारच्या खोलीतून तारेचा कीबोर्ड मागून हाताशी ठेव. कारण सापडले असले तरी ज्या तीन तासांवर नोकरी अवलंबून आहे, तिथे पर्यायी व्यवस्था हवीच. तारेच्या कीबोर्डची गरज पडली नाही. पहिली संधी परत आली नाही, पण दुसऱ्या चाचणीत जे गुण मिळाले ते तिच्या प्रोग्रॅमचे होते.

11. थोडक्यात

• दोन वस्तूंत एकच बिघाड असेल तर न बदललेल्या गोष्टींत शोधा.
• एकच बटण चुकते तो बहुधा यांत्रिक दोष. कोणतेही बटण चुकते तो बहुधा रेडिओचा किंवा सेलचा.
• फुकटच्या तपासण्या आधी, खरेदी शेवटी.
• डोंगल यूएसबी 3 च्या उपकरणापासून दूर आणि कीबोर्डच्या जवळ ठेवा.
• एका वेळी एकच बदल, पुरेशी बटणे, आणि बदल उलटा करून खात्री.

स्वाध्याय

1. 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरीची तरंगलांबी काढा आणि 2.4 गिगाहर्ट्‌झशी तुलना करा.
2. सरासरी 50 बटणांमागे एक चूक होते. दुरुस्ती झालेली नसताना चाचणी निर्दोष येण्याची संभाव्यता 0.05 पेक्षा कमी हवी असेल, तर किमान किती बटणे दाबावी लागतील? (उत्तर: 149)
3. कीबोर्ड 2 मीटरवर असताना गोंगाटामुळे शिल्लक 1 डेसिबल उरली आहे. डोंगल 50 सेंटिमीटरवर आणला आणि गोंगाट तेवढाच राहिला, तर शिल्लक किती होईल? (उत्तर: 13 डेसिबल)
4. एका मित्राचा माउस फक्त रात्री नऊ ते अकरा या वेळेत अडखळतो. त्याला विचारायचे चार प्रश्न लिहा आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावरून साखळीतला कोणता दुवा सुटेल ते सांगा.
5. तुमच्या खोलीत तीस ओळींची चाचणी दोन वेळा करा: एकदा डोंगलशेजारी यूएसबी 3 ची डिस्क लावून, एकदा काढून. फरक दिसला नाही तरी नोंद ठेवा आणि का दिसला नसेल ते कलम 5 मधल्या हिशेबाने समजावून सांगा.